मी पाय धरले होते

बेंगळुरू
४ ऑगस्ट २०२४

दादास,
सप्रेम जय भीम.

तुला कधी पत्र लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं. व्यसनमुक्ती केंद्राच्या ऑफिसात फोन केला तर ते म्हणाले, पहिले तीन महिने पेशंटशी बोलता येत नाही, पत्र पाठवा, आम्ही वाचून देऊ. म्हणून लिहिते आहे.

वहिनीच्या मनगटाचं प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघेल. खुशीनं त्यावर पेनानं फुलं काढून ठेवली आहेत. बाबा कुठं गेले असं ती रोज विचारते आणि आई रोज सांगते, गाडी घेऊन रायपूरला गेले. तुला दुखवावं म्हणून हे लिहीत नाही, पण तू विसरावंस असंही मला वाटत नाही. वहिनीनं कॅप्सूलची पट्टी लपवली आणि तू तिचा हात असा पिरगाळलास, की हाड मोडल्याचा आवाज खुशीनं स्वयंपाकघराच्या दारातून ऐकला. सहा वर्षांची पोर. पुढचे चार दिवस ती बोलली नाही.

तुझा ट्रक उलटला तेव्हा कंबरेच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी पंधरा दिवसांच्या कॅप्सूल दिल्या होत्या. त्याला चार वर्षं झाली. दिवसाला दोन घेणारा तू वीसवर गेलास. वीसनीही तुला मजा येत नव्हती, हे मला ठाऊक आहे. तूच मागच्या दिवाळीत म्हणालास, "चेतना, आता काही वाटत नाही, घेतली नाही तर मरतो एवढंच."

आमच्या प्रयोगशाळेत मी हेच पाहते. पिंजऱ्यात उंदीर असतो. त्यानं एक दांडी दाबली की शिरेतून औषधाचा थेंब जातो आणि वर एक दिवा लागतो. सुरुवातीला थेंबानं त्याला बरं वाटतं. काही आठवड्यांनी बरं वाटणं कमी होतं, पण हवंसं वाटणं वाढतच जातं. मेंदूत ही दोन कामं वेगवेगळ्या जागी चालतात. आवडणं एकीकडे, हवं असणं दुसरीकडे. औषध दुसऱ्या जागेला खोटं शिकवतं, की अन्नपाण्यासारखंच हे जगायला लागतं. पुढं औषध बंद केलं तरी नुसता दिवा लागला की उंदीर दांडीवर तुटून पडतो. महिन्याभरानंतर तर पहिल्या आठवड्यापेक्षा जास्त जोरानं. म्हणून तुला सांगते, दोन महिन्यांनी अचानक तलफ वाढली तर घाबरू नकोस. तू हरलास असं समजू नकोस.

केंद्र मी चौकशी करूनच निवडलं आहे. योगासनं, समुपदेशन, सगळं आहे म्हणतात. तुला काय होतं ते मला लिही. मला माहिती हवी म्हणून नाही, बहीण म्हणून.

तुझी,
चेतना


सडक अर्जुनी
२५ ऑगस्ट २०२४

आदरणीय भगिनीस,
सादर जय भीम.

आपले पत्र मिळाले. वाचून आनंद झाला. मी येथे सुखरूप आहे. येथील वातावरण अत्यंत शिस्तीचे व घरगुती आहे. केंद्र चालविणारे सर आम्हाला वडिलांसारखे आहेत. सकाळी प्रार्थना, व्यायाम व मीटिंग होते. मीटिंगमध्ये प्रत्येकाने आपल्या चुका सर्वांसमोर कबूल करावयाच्या असतात. जेवण उत्तम आहे. माझी प्रगती पाहून मला मॉनिटर नेमण्यात आले आहे.

दारूचे नवीन पेशंट आले की दोन-तीन दिवस फार नाटके करतात. हात थरथरवतात, भिंतीवर किडे-मुंग्या दिसतात म्हणून ओरडतात. त्यांना सर शिस्त लावतात.

आपण माझी काळजी करू नये. घरच्यांनी इकडे भेटण्यास येऊ नये, त्याने उपचारात बाधा येते.

आपला बंधू,
देवानंद


बेंगळुरू
८ सप्टेंबर २०२४

प्रिय दादा,

तुझं पत्र वाचून मी आधी खूप हसले. मला "आपण" म्हणणारा दादा! शाळेतला निबंध वाचतेय असं वाटलं. पण मॉनिटर झालास हे वाचून बरं वाटलं. आईलाही फोनवर वाचून दाखवलं. वहिनीनं पत्र परत एकदा वाचायला सांगितलं.

एका गोष्टीवर मात्र हसू नकोस. दारू सोडलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथरतो, घामानं भिजतो, त्याला ताप येतो, जे नाही ते दिसतं, हे नाटक नसतं. वर्षानुवर्षं दारू मेंदूला दाबून ठेवते. मेंदू त्या दाबाविरुद्ध जोर लावायला शिकतो. दारू एकदम गेली की दाब जातो, पण जोर तसाच उरतो. मग तो मेंदू पेटल्यासारखा धावतो. त्यात झटके येतात, माणूस मरूही शकतो. अशा माणसाला दवाखाना लागतो, शिरेतून औषध लागतं, जीवनसत्त्वाचं इंजेक्शन लागतं. हे तुझ्या सरांना सांग. मी सांगितलं म्हणून सांग.

शिस्तीबद्दलही थोडं लिहिते. आमच्याकडे एका प्रयोगात दांडी दाबली की पायाखालच्या जाळीतून विजेचा झटका बसतो. बहुतेक उंदीर दोन-चार झटक्यांत दांडी सोडतात. पण दहातले दोन-तीन सोडत नाहीत. झटका वाढवला तर ते किंचाळतात, अंग आखडतं, कोपऱ्यात जाऊन पंजे चाटतात आणि परत येऊन दाबतात. ज्यांना औषधानं सगळ्यात घट्ट धरलं आहे नेमके तेच. म्हणजे जे मारानं सुधारतात, ते बहुधा मार न देताही सुधारले असते. बाकीच्यांना मारून फक्त मारणाऱ्याचे हात दुखतात.

तुमच्याकडे मारत नाहीत ना, दादा? मला सहजच विचारावंसं वाटलं.

तुझी,
चेतना


सडक अर्जुनी
६ ऑक्टोबर २०२४

चेतना,

हे पत्र ऑफिसातून येऊन नाई राहिलं. इथं सैपाकाले दुर्गेश्वरीबाई येते बाजूच्या गावची. तिच्या डब्यात टाकून देऊन राहिलो. आधीचं पत्र सरनं सांगतलं तसं लिवलं होतं. एक अक्षर माझं नाई.

इथं योगा-बिगा काही नाई. जुना गोदाम आहे, वर टिना, बेचाळीस माणसं, एक दार. पहिले पंधरा दिवस माझ्या तळपायावर रोज पाइप. हाडं फुटून राहिली होती, उलट्या, हगवण, अना वरून पाइप. विक्की मारे. विक्की पण पयले पेशंटच होता, आता सरचा उजवा हात. सोळाव्या दिवशी तो आला अना तळहातावर माझीच कॅप्सूल ठेवली. म्हणे, "काम करशील का?" मी म्हटलं, करतो. काम का आहे हे पण नाई विचारलं.

तसा झालो मी मॉनिटर. जो नवा येईल त्याले धरायचं, मारायचं, रोजच्या दोन कॅप्सूल. मी लोकाइले मारलं आहे चेतना. एका पोट्ट्याचा अंगठा मोडला मी. अलकाचा हात मोडला तेव्हा निदान मी रडलो होतो.

तुझं दुसरं पत्र सरनं मीटिंगमदी मोठ्यानं वाचलं. सगळे हसले. सर म्हणे, "याची बहीन बडी डॉक्टरनी है." मंग ते पत्र मले दिलं. मी ते खिशात ठेवलं.

मागच्या गुरुवारी केवळराम गुरुजी आले. मुर्रीचे, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, चोपन्न वर्षांचे. साळ्यानं आणून सोडलं. साधा माणूस. पयल्या दिवशी मले विचारे, "बाबू, तुझं शिक्षण किती?" शनिवारी सकाळी मीटिंगच्या टायमाले त्याइचं आंग तव्यासारखं तापलं होतं. हात असे हालून राहिले होते का गिलास धरता येईना. मंग ओरडाले लागले, साप, साप. एकेकाच्या खांद्याले धरून दाराकडे ढकलाले लागले. सर म्हणे, पळाले पाहून राहिला, घ्या याले.

तू लिवलं होतं तेच सगळं माझ्या समोर होतं. घाम, ताप, थरथर, तिसरा दिवस. मी बोललो. खरंच बोललो चेतना. म्हटलं, "सर, हे नाटक नाई, दवाखान्यात न्या, मरतीन हे." विक्कीनं पाइप आडवा माझ्या तोंडावर हाणला. मंग खिशातून पट्टी काढली. दोन कॅप्सूल फोडून बोटात धरल्या अना म्हणे, "पाय धर."

तुले खरं सांगतो. ती पट्टी फोडल्याचा आवाज आला अना माझ्या तोंडाले पाणी सुटलं. ओठातून रक्त गळून राहिलं होतं अना त्यातच पाणी सुटलं. समोर म्हातारा माणूस, अना माझं सारं आंग त्या दोन बोटाइकडे.

मी पाय धरले. घोट्यापाशी, दोनी हातानं. विक्की अना आणखी दोघं. पाठीवर, मांडीवर, मंग छातीवर. ते काईबाई बडबडत होते. किती वेळ ते मले मालूम नाई. मंग माझ्या हातात त्याइचे पाय जोरजोरानं झटके देऊ लागले, आंग धनुष्यावानी ताणलं, तोंडाले फेस आला. मंग थांबलं सारं. पाय माझ्या हातात नुसतेच होते.

विक्कीनं कॅप्सूल दिल्या. मी तिथंच बसून गिळल्या. त्याइच्या बाजूले बसून.

घरच्याइले सांगतलं, हार्टचा झटका आला. धुवून, कापडात गुंडाळून गाडीत घातलं. त्याच दुपारी जाळलं मुर्रीले.

हे मी तुले कायले लिवून राहिलो ते मलेच समजत नाई. पत्र लिवायचं असन तर खाली दुर्गेश्वरीबाईचा पत्ता आहे. ऑफिसच्या पत्त्यावर हे काही लिवू नको.

देवानंद


बेंगळुरू
१५ ऑक्टोबर २०२४

दादा,

तुझं पत्र मी प्रयोगशाळेच्या बाथरूममध्ये उभ्यानं वाचलं. बाहेर चौदा उंदीर माझी वाट पाहत होते. प्रयोग संपला की त्यांचा मेंदू काढावा लागतो. त्यासाठी एक छोटं यंत्र असतं, वरून पातं येतं. तीन वर्षं मी ते करते आहे. धड हातात काही क्षण तडफडतं, मग कवटी कात्रीनं उघडायची, मेंदू बर्फावर ठेवायचा. त्या दिवशी दुसऱ्याच उंदराला मी मागून धरलं तेव्हा त्याचे पाय माझ्या तळव्यात झटकले आणि मला यंत्र सोडून बाहेर जावं लागलं. उरलेले तेरा कुणीतरी दुसऱ्यानं केले.

तू खरं लिहिलंस, आता मी लिहिते. मी केंद्राची चौकशी केली नव्हती. मोबाईलवर फोटो पाहिले आणि एक फोन केला, बस. सरकारी दवाखान्यात व्यसनमुक्तीची ओपीडी आहे, तिथं जिभेखाली ठेवायची गोळी देतात, ती तलफेला आवर घालते, हे मला ठाऊक होतं. त्यावर मी काम करते! पण तिथं ओळखीचं कुणी पाहील, गावभर होईल, नंदेश्वरांच्या पोराला काय झालं ते सगळ्यांना कळेल, असं मला वाटलं. तुला बंद दाराआड ठेवावं असं मलाच वाटलं. वहिनी म्हणत होती की आधी जाऊन बघून येऊ. मी तिला गप्प केलं.

केवळराम गुरुजींना जाळलं आहे, शरीरावर आता काही सिद्ध होणार नाही. राहिली ती फक्त पाहणाऱ्यांची साक्ष. मी २४ तारखेला गोंदियात येते आहे. तुझं पत्र घेऊन पोलिसांकडे जाईन. ते पत्र दाखवलं की तू साक्षीदार होशील आणि आरोपीसुद्धा. मी तुला फसवणार नाही म्हणून आधीच कळवते आहे. तुला नको असेल तर २२ च्या आत दुर्गेश्वरीबाईंकडून फोनवर निरोप दे. मग मी पत्राशिवाय जाईन आणि ते माझं ऐकून घेतील न घेतील.

मला माफ कर असं तू लिहिलं नाहीस ते बरं केलंस. मी केवळराम गुरुजींची कुणी नाही.

आणि एक, मनात पक्कं ठेव. आता तू दोन कॅप्सूलवर आहेस. शरीर जुनी सवय विसरलं आहे. उद्या बाहेर आलास आणि पूर्वीसारख्या वीस घेतल्यास तर श्वास थांबेल. तलफ जुनीच असते, पण सोसायची ताकद जुनी राहत नाही. सुटून आलेली कितीतरी माणसं अशीच मरतात.

चेतना


भंडारा जेल
१ डिसेंबर २०२४

चेतना,

मी निरोप नाई पाठवला. दुर्गेश्वरीबाई रोज विचारे, "फोन लावू का भाऊ?" मी म्हणो, उद्या. बावीस तारीख गेली. हिंमत होती असं नाई. नाई म्हणायची पण हिंमत नव्हती.

त्या दिवशी तू गेटाजवळ उभी होती, पण आत पयले का झालं ते तुले दिसलं नसन म्हणून लिवतो. जीप आली तसं सरनं आमाले ओळीत उभं केलं. म्हणे, हार्टचा झटका, सगळे एकच सांगा. विक्की माझ्या मागं. इन्स्पेक्टर साहेब एकेकाले विचारत आले. सगळे खाली पाहून राहिले. माझ्या समोर आले अना विचारलं, "केवळराम कशानं मेला?"

मी म्हटलं, "साहेब, मी पाय धरले होते."

साहेबाइले समजलं नाई. म्हणे, "कुणाचे? माफी मागाले?"

मी म्हटलं, "नाई साहेब. माराले."

तेवढ्यात पाइप बसला. समोरचे तीन दात तिथंच पडले, जबडा निखळला. मी खाली पडलो अना मंग ते झालं जे तुनं पाह्यलं. चाळीस माणसं एकदम विक्कीवर पडली. ज्याइनं चार महिने वर पाह्यलं नव्हतं ते त्याचे केस धरून त्याचं डोकं फरशीवर आपटून राहिले होते. मी पण त्यात होतो. माझ्या तोंडातलं रक्त त्याच्या तोंडावर पडून राहिलं होतं अना मी त्याच्या डोळ्यात अंगठा घालून राहिलो होतो. शिपायाइनं काठ्या मारून मले काढलं. त्याचा तो डोळा गेला म्हणतात. मले कॅप्सूल कोणी दाखवली नव्हती तेव्हा. तरी केलं.

इथं पयले नऊ दिवस मेल्यावानी गेले. मंग इथल्या डॉक्टरनं सरकारी दवाखान्यात पाठवलं. तू लिवली होती ती जिभेखालची गोळी सुरू केली. दुसऱ्या दिवशी मी झोपलो. चार वर्षांत पयल्यांदा सकाळी उठलो अना पयला विचार कॅप्सूलचा नव्हता. अलकाचा होता. इतकं सोपं होतं का चेतना? एक गोळी? मंग गुरुजी कायले मेले?

आता कामाचं. वकील म्हणते, नशेनं मेंदू बिघडला होता, स्वतःवर ताबा नव्हता, असं कोर्टात मांडू. तुझ्या प्रयोगशाळेच्या कागदावर तसं लिवून आणलं तर शिक्षा कमी होईन. तू देशील का? आई पण म्हणते, दे म्हणा. मले स्वतःले पण जाणून घ्यायचं आहे. ते हात माझे होते का त्या बिघडलेल्या मेंदूचे?

देवानंद


बेंगळुरू
२० डिसेंबर २०२४

प्रिय दादा,

तुझ्या प्रश्नाला उत्तर द्यायला मला अठरा दिवस लागले.

आधी जे खरं आहे ते. तुझा मेंदू बदलला होता. पट्टीच्या आवाजानं तोंडाला पाणी सुटणं तुझ्या हातात नव्हतं. पुढचं-मागचं पाहून "थांब" म्हणणारा भाग अशा वेळी दुबळा पडतो. सरनं हे हेरून तुम्हाला वापरलं. हे मी कोर्टात सांगेन. दारू सुटल्यावरचा वात काय असतो तेही सांगेन, आणि सरनं माझं पत्र सगळ्यांसमोर वाचलं होतं, म्हणजे त्याला कळलेलं होतं, हे तर नक्कीच.

आणखी एक प्रयोग सांगते. पिंजऱ्यात दोन दांड्या ठेवतात. एक दाबली की औषध. दुसरी दाबली की एक दार उघडतं आणि पलीकडे दुसरा उंदीर असतो, सोबतीला. जवळपास सगळे उंदीर सोबत निवडतात. ज्यांची सवय पक्की झाली आहे तेसुद्धा. त्या गोदामात तुला दुसरी दांडी नव्हती. ती नसण्यात माझाही हात आहे.

पण ताबा अजिबात नव्हता, असं मी लिहून देणार नाही. आई माझ्याशी आठ दिवस बोललेली नाही. तू केंद्रात बेचाळीस माणसांसमोर "हे नाटक नाही" म्हणालास. ते कोण बोललं? तो मेंदूही तोच होता, बिघडलेला. आणि तू उंदीर नाहीस, दादा. उंदराच्या खिशात माझं पत्र नव्हतं. किती तुझं आणि किती नशेचं, याची रेघ आमच्याकडच्या कुठल्याही यंत्रात दिसत नाही. ती दिसते असं लिहिलं तर मी खोटं लिहीन.

मी मुर्रीला जाऊन आले. गुरुजींच्या पत्नी पार्वताबाई अंगणात धान पाखडत होत्या. मी कोण ते सांगितलं. त्या उठल्या नाहीत, हाकललंही नाही. म्हणाल्या, अंघोळ घालताना त्यांनी पाहिलं होतं. दोन्ही घोट्यांवर बोटांचे निळे वळ. त्यांनी भावाला विचारलं की हार्टच्या झटक्याला पायावर बोटं कुठून आली? भाऊ म्हणाला, गप राह्य, लोक आहेत. तेव्हापासून त्या ती बोटं मोजत आहेत. एका पायावर चार आणि मागं अंगठा.

मी म्हटलं, ती माझ्या भावाची. त्यांनी सूप खाली ठेवलं. मग त्यांनी एवढंच विचारलं, "मंग त्याले मालूम असन. जाताना ते का बोलले?"

तू मला लिहिलंस, ते काहीबाही बडबडत होते. मी त्यांना ते सांगितलं नाही. मला वाटतं, तुला ऐकू आलं होतं. त्यांना लिही. वकिलाला विचारू नकोस.

वहिनी पुढच्या सोमवारी भेटायला येणार आहे. खुशीला आणणार नाही म्हणाली. अजून नाही.

तुझी,
चेतना


भंडारा जेल
११ जानेवारी २०२५

पार्वताबाई,
नमस्कार.

मी देवानंद नंदेश्वर. तुमी घोट्यावर पाह्यले ते वळ माझ्या बोटाइचे. तुमाले चिठ्ठी लिवाचं तोंड मले नाई, पण चेतनानं तुमचा सवाल सांगतला अना त्याचं उत्तर माझ्याजवळच आहे. दुसरं कोणी तेवढ्या जवळ नव्हतं.

वकील म्हणे, असं लिवून देशील तर कोर्टात तुझ्याच गळ्याले लागन. लागू द्या. तुमी ही चिठ्ठी कोणालेही दाखवू शकता.

मी बहिणीले लिवलं होतं का गुरुजी काईबाई बडबडत होते. ते खोटं आहे. एक एक शब्द साफ ऐकला मी. तिले पण सांगाची लाज वाटली म्हणून तसं लिवलं.

गुरुजी पळून नव्हते राहिले. त्याइले वाटून राहिलं होतं का ते शाळेत आहेत अना वर्गात साप निंघाला आहे. आमी सारे त्याइले पोरं दिसून राहिलो होतो. खांद्याले धरून दाराकडे ढकलत होते ते आमाले वाचवाले. "पोराइनो, बाहेर पळा, धक्काबुक्की करू नका, लहानाइले पुढं होऊ द्या." हेच म्हणत होते. विक्कीनं खाली पाडलं तरी तेच. पाइप बसत होता अना ते एकेका पोराचं नाव घेऊन म्हणत होते, निंघाला का तो, ती निंघाली का. सारी नावं मले आठवत नाई. दोनच आठवतात, एक पुस्तकला अना एक छकुली. तुमाले मालूम असतीन ते कोण.

शेवटी त्याइनं खाली पाह्यलं, माझ्याकडं. त्याइले वाटलं का साप त्याइच्या पायाले आहे अना मी तो ओढून काढून राहिलो. डोळे लाल होते, पण माया होती त्यात, खोटं नाई सांगत. म्हणे, "बाबू, तू पण पळ. सोड त्याले. मी धरतो."

त्याच्यानंतर झटके आले. मंग नाई बोलले.

त्याइनं मले पळ म्हटलं. दार दहा पावलांवर होतं. मी पाय धरूनच राहिलो.

देवानंद